स्टेशनवस्तीची शाळा : लासूरच्या निमित्ताने एका वास्तुप्रकाराची चिकित्सा

मराठवाड्यातील जिल्हा परिषदांच्या पत्रव्यवहारात ‘निजामकालीन शाळा’ हा शब्दप्रयोग गेली अनेक वर्षे रूढ आहे. ज्या शाळागृहाच्या भिंती दगडी, छत माळवदाचे, पत्र्याचे अथवा कौलांचे आणि बांधणी १९४८ च्या पूर्वीची, ते शाळागृह या नावाखाली घालण्यात येते. नाव सोयीचे आहे, आणि सोयीच्या नावांचा जो दोष तोच याचाही आहे : ते उच्चारताच चौकशी संपते. आसफजाही राजवट १७२४ पासून १९४८ पर्यंत चालली. या सव्वादोनशे वर्षांत खेड्यातील शाळेसाठी स्वतंत्र इमारत उभारण्याची कल्पना रुजली ती अखेरच्या काळातच. म्हणजे ‘निजामकालीन’ या विशेषणाने काळही धड निश्चित होत नाही. मग बांधणारा कोण, साहित्य कोठले, रचना कोणत्या नमुन्याची, आत कोण बसले आणि कोणाला बाहेर बसावे लागले, हे प्रश्न तर त्याच्या कक्षेत येतच नाहीत.

हैदराबाद संस्थानातील शिक्षणाचा इतिहास पाहिला म्हणजे या नावातील विसंगती अधिकच ठळक होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू हे उच्च शिक्षणाचे माध्यम स्वीकारले. देशी भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देण्याचा प्रयोग म्हणून त्याचे मोल निर्विवाद आहे. परंतु संस्थानातील मराठी, तेलुगू व कानडी मुलांना माध्यमिक पायरीवरच मातृभाषा सोडावी लागे, हेही तितकेच खरे. अशा स्थितीत लोकांनी चालविलेल्या शाळांना निराळेच महत्त्व आले. औरंगाबादेत १९१५ साली सरस्वती भुवन निघाले. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा या लहानशा गावी १९२१ साली राष्ट्रीय शाळा सुरू झाली, आणि स्वामी रामानंद तीर्थ यांनी अंबाजोगाईस जाण्यापूर्वी तेथेच अध्यापन केले. खाजगी शाळा काढण्यास सरकारी परवानगी लागत असे व ती सुखासुखी मिळत नसे. सारावसुलीबरोबर गोळा होणाऱ्या लोकल फंडातून बांधलेली शाळा आणि राजवटीचा रोष पत्करून वर्गणीतून उभी केलेली शाळा, या दोहोंना आज एकच नाव मिळते. ज्यांनी निजामी सत्तेला विरोध केला त्यांच्या शाळाही निजामाच्याच नावे जमा व्हाव्यात, हा इतिहासाचा उपहास म्हणावा लागेल.

नावाचा हा पडदा दूर सारून वास्तूकडे पाहावयाचे झाल्यास लासूर हे स्थळ उपयुक्त आहे. लासूर नावाच्या येथे दोन वस्त्या आहेत. शिवना नदीच्या काठचे, दाक्षायणी देवीच्या देवस्थानामुळे ओळखले जाणारे जुने लासूरगाव वैजापूर तालुक्यात मोडते; आणि त्यापासून थोड्या अंतरावर, गंगापूर तालुक्यात, लोहमार्गामुळे जन्मास आलेले लासूर स्टेशन. मनमाडहून नगरसोल, रोटेगाव, लासूर, दौलताबाद, औरंगाबाद असा जाणारा हा मार्ग हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेचा. १८९९ ते १९०१ या काळात तो टप्प्याटप्प्याने खुला झाला. रूळ मीटरगेजचे होते आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात रुंदीकरण होईपर्यंत ते तसेच राहिले. मार्गावरील पुष्कळ स्थानकांभोवती धान्य व कापूस यांच्या व्यापारामुळे वस्ती वाढली. गावाचे नाव ‘लासूर स्टेशन’ असेच पडावे, यातच त्याची कुळकथा आली.

खेड्याचे दोन भाग मराठी माणूस पूर्वापार ओळखतो : काळी आणि पांढरी. काळी ही शेतीची जमीन, पांढरी ही वस्तीची. शेकडो वर्षे घरे पडली, पुन्हा उठली, चुलीची राख आणि भिंतींची माती एकमेकींत मिसळली, म्हणून पांढरीची जागा उंचावते व तिची माती निराळी होते. मराठवाड्यातील माळवदावर पसरली जाते ती हीच पांढरी माती. सागाच्या अथवा बाभळीच्या तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यांवर पाल्याचा थर आणि सर्वांत वर वीतभर किंवा त्याहून अधिक पांढरी माती : असे हे छत. कमी पावसाच्या प्रदेशात ते उत्तम काम देते. उन्हाळ्यात खाली गारवा राहतो, आणि दर पावसाळ्यापूर्वी वर नवी माती टाकून ती चोपली की छत वर्षभर निर्धास्त होते. अर्थात ही निर्धास्ती त्या वर्षापुरतीच. माळवद हे मुळात दरसाल हात मागणारे छत आहे.

आता स्टेशनवस्तीचा विचार करावा. तिला जुनी पांढरी नसते. ती काळीवर वसलेली असते, म्हणजे जी जमीन पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते अशा जमिनीवर. तेथे भिंत उभारावयाची तर मुरूम लागेपर्यंत पाया खणावा लागतो; आणि छतासाठी माती आणावयाची तर ती दुसऱ्या गावच्या पांढरीतून. उलट रेल्वेने मालाचा डबा दाराशी आणून ठेवलेला असतो. जे कौल आपण ‘मंगळुरी’ म्हणतो त्याचा पहिला कारखाना बाझेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे काढला. पश्चिम किनाऱ्यावरील ही वस्तू दख्खनच्या पठारावर सर्वदूर पोचली ती मुख्यतः लोहमार्गांमुळे. जस्ती पत्रा, लोखंडी तुळई, कोठे कोठे तुळईच्या जागी वापरलेला जुना रूळ, यांचेही तसेच. म्हणून जुन्या गावातील शाळा आणि स्टेशनवस्तीतील शाळा एकाच राजवटीतल्या असल्या तरी एकाच वास्तुपरंपरेतल्या मानता येत नाहीत. एकीचे छत गावच्या मातीने घडविले, दुसरीचे मालगाडीने. ‘निजामकालीन’ या शब्दाने झाकला जातो तो हा भेद.

परंतु साहित्याचा हा भेद तुलनेने वरवरचा आहे. अधिक महत्त्वाचा भेद रचनेचा होय, आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

पंतोजींच्या शाळेला स्वतःची इमारत नव्हती. रा. वि. परुळेकर यांनी मुंबई इलाख्यातील १८२० ते १८३० या दशकातील देशी शिक्षणाची सरकारी कागदपत्रे संपादून प्रसिद्ध केली. त्यांतून दिसते ते हेच की शाळा देवळात, धर्मशाळेत, कोणा गृहस्थाच्या वाड्यात अथवा पंतोजींच्या स्वतःच्या घरी भरत. मराठवाड्यातही याहून वेगळे असण्याचे कारण नव्हते. धूळपाटी, उजळणी, मोडीचे वळण या शिक्षणाला भिंतीची गरजच नव्हती; सावली पुरेशी होती. काहींना या साधेपणाचे मोठे कौतुक वाटते. पण त्याची किंमत काय होती ते विसरून चालणार नाही. देवळाची ओवरी ही देवाची, म्हणजे पुजाऱ्याची व गावच्या मानकऱ्यांची. वाड्याचा सोपा हा वाडेकऱ्यांचा. ज्याला देवळात किंवा वाड्यात प्रवेश नाही त्याला शाळेतही नाही, हे सांगण्यासाठी निराळ्या नियमाची आवश्यकताच नव्हती. तो नियम वास्तूतच मुरलेला होता.

वाडा हा अंतर्मुख असतो. मधे चौक, भोवती सोपे, रस्त्याकडे जवळजवळ आंधळी भिंत आणि एक दिंडीदरवाजा : आत येणाऱ्याची पारख दरवाजातच व्हावी अशी ही योजना. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली तीही बुधवार पेठेतील भिडे यांच्या वाड्यात. वाड्याची बंद रचना तेथे वाडेकऱ्याच्या औदार्यामुळे उघडली गेली. रचना मात्र बंदच होती. साताऱ्याचे प्रतापसिंह हायस्कूल जुन्या राजवाड्यात भरत असे, तेथेही राजघराण्यासाठी बांधलेल्या दालनांत वर्ग बसविलेले होते.

लोहमार्गाने आणलेला नमुना याच्या नेमका उलट आहे. स्थानकाची इमारत म्हणजे एका ओळीत खोल्या, त्यांच्या पुढे सलग पडवी आणि पडवीपुढे सर्वांसाठी मोकळा फलाट. चौक नाही, दिंडी नाही, आतले-बाहेरचे असे गूढ काही नाही. जुन्या शाळागृहांची सर्वपरिचित रचना हीच : दगडी जोते, एका ओळीत दोन-चार खोल्या, लांब पडवी आणि पुढे पटांगण. मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांच्या शाळाही याच धर्तीच्या होत, आणि छावणीतील बराकी व विश्रामगृहे यांचाही त्यांवर प्रभाव पडला असेल. तेव्हा सारे श्रेय रेल्वेला देणे अतिशयोक्तीचे ठरेल. तथापि स्टेशनवस्तीत शाळेचा नमुना डोळ्यांसमोर रोज उभा होता. पुष्कळ शाळांत घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला असे, हा योगायोग क्षुल्लक नव्हे. पंतोजींची शाळा सूर्यावर चाले. नवी शाळा घड्याळावर चालू लागली, आणि खेड्यात सर्वांना मान्य असे घड्याळ, निदान आरंभी, स्थानकातच असे. हिंदुस्थानात प्रमाणवेळ १९०६ पासून अमलात आली, म्हणजे हा मार्ग पुरा झाल्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी.

वर्ग या गोष्टीलाही प्रथमच भिंतीची आवश्यकता भासली. फळा टांगावयाचा तर भिंत हवी. चौथी आणि दुसरी यांचे पाठ एकाच वेळी चालावयाचे तर आड भिंत हवी. लिहिणाऱ्या हाताची सावली पाटीवर पडू नये म्हणून उजेड डावीकडून यावा, हा त्या काळच्या शाळागृहांविषयीचा सर्वमान्य दंडक होता. खिडक्यांची जागा ठरविताना तो उपयोगी पडे. उंच छत, आढ्याजवळचे झरोके आणि दीड-दोन हात जाडीची भिंत यांमुळे चैत्र-वैशाखातही वर्ग सुसह्य राहतो. पत्र्याचे छत मात्र शाळेस सर्वथा अयोग्य होय, मग ते कितीही जुने असो. उन्हाळ्यात त्याखाली बसवत नाही आणि पावसाळ्यात गुरुजींचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. वारसा म्हणून त्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही.

या सर्व विवेचनावरून स्टेशनवस्तीच्या शाळेचे वैशिष्ट्य असे मांडता येईल : जे कोणाचे घर नाही आणि कोणत्या देवाचेही नाही, असे स्थान मुलांसाठी प्रथम निर्माण झाले ते या इमारतीत. चावडी होती, पण ती सत्तेची. धर्मशाळा होती, पण ती वाटसरूंची. शाळा मात्र, निदान तत्त्वतः, गावातील प्रत्येक मुलाची. तिचे वास्तुमूल्य कमानींच्या नक्षीत शोधू जाणाऱ्यांच्या हाती फारसे लागणार नाही; ते पटांगणावर उघडणाऱ्या तिच्या दारांत आहे.

‘निदान तत्त्वतः’ हे शब्द येथे योजून वापरले आहेत. कारण याच इमारतीतील जो भाग आज सर्वांना मोहवितो ती पडवी एका निराळ्या व्यवहाराची साक्षीदार आहे. महाराष्ट्रात अस्पृश्य मानलेल्या मुलांना वर्गाबाहेर पडवीत बसवून शिकविण्याची चाल दीर्घकाळ होती. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत महार मुलास प्रवेश नाकारण्यात आला, तेव्हा सरकारी पैशावर चालणारी शाळाही खरोखर सर्वांची नाही हे उघड झाले. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर यांना घरून आणलेल्या तरटावर निराळे बसावे लागे आणि ते तरट रोज घरी न्यावे लागे. शाळेच्या शिपायाने त्यास हात लावावयाचा नाही असा रिवाज होता. मुंबईच्या विधिमंडळात १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला व सार्वजनिक शाळांसह सार्वजनिक जागा अस्पृश्यांना तत्त्वतः खुल्या झाल्या. पण त्याचा अंमल इलाख्यापुरता, संस्थानात नव्हे. लासूरहून औरंगाबादकडे जाताना लागणाऱ्या दौलताबादच्या किल्ल्यात १९३४ साली आंबेडकर व त्यांचे सहकारी यांना हौदाच्या पाण्यावरून अपमान सोसावा लागला, ही घटना याच मुलुखातली. पुढे १९५० साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेतच महाविद्यालय काढले, त्यामागची निकड यावरून कळते.

पडवीचा वास्तुविचार म्हणूनच दुहेरी करावा लागतो. वाड्यात बाहेरच्यास काहीच ऐकू येत नसे. पडवीत बसलेल्यास निदान ऐकू येई. बंद वास्तू आणि खुली वास्तू यांच्यामधला तो एक टप्पा आहे, आणि त्याचा उंबरठा किती रुंद होता हे भिंतीची जाडी मोजूनच कळते. जतनाच्या उत्साहात पडवीला नवा गिलावा देऊन, रंग लावून, तेथे ‘जुन्या आठवणींचे दालन’ मांडणे आणि तिच्या या उपयोगाबद्दल अवाक्षर न काढणे, हा वास्तूवरचा अन्याय होईल. पाडून टाकणे हाही अन्यायच. कारण मग तो उंबरठा होता यास पुरावाच उरत नाही.

येथवर वास्तूची बाजू झाली. मुलांची बाजू याहून मोठी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात सुमारे आठ हजार माणसे दगावली, ती प्रामुख्याने दगडमातीच्या भिंती व जड माळवदे यांखाली. त्या भिंतींचे दोन पदर निरनिराळे रचलेले असून त्यांना आरपार सांधणारे जोडदगड नव्हते किंवा अपुरे होते. हादरा बसताच बाहेरचा पदर बाहेर कलला आणि छत खाली आले. २८ ऑगस्ट २०१७ रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील निंबोडी येथे शाळेचे छत कोसळून तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. अशा घटनांनंतर जुनी इमारत पाडावी असे पालकांना वाटले तर त्यांना वारशाचे महत्त्व ऐकविणे निर्दयपणाचे आहे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानेही प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली आणि सर्व ऋतूंत टिकणारी इमारत हा शाळेचा निकष ठरविला आहे. दरसाल माती मागणारे माळवद देखभालीवाचून त्या निकषास उतरत नाही.

तरीही ‘जुने म्हणजे धोक्याचे’ हे समीकरण शास्त्राला धरून नाही. चुन्यात बांधलेली घडीव दगडांची भिंत आणि मातीत रचलेली अनघड दगडांची भिंत यांची ताकद सारखी नसते. दोन्ही ‘दगडी’ म्हणून एकाच रकान्यात पडतात, एवढेच. भूकंपाच्याच वर्षी, १९९३ साली, भारतीय मानक ब्यूरोने कमी ताकदीच्या दगडविटांच्या बांधकामासाठी मार्गदर्शक मानक प्रसिद्ध केले आहे. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड अथवा त्यांच्याजागी काँक्रीटचे सांधे घालणे, जोत्याशी, दारा-खिडक्यांच्या वर व छताखाली सलग पट्टा फिरविणे, कोपरे बांधून घेणे, माळवदाचे ओझे उतरवून हलके छत बसविणे : हे उपाय ज्ञात आहेत. त्यांपैकी कोणता कोठे लागू पडेल हे पाहण्यासाठी भिंत तपासावी लागते, आणि ‘निजामकालीन’ या एका शब्दाने तीच तपासणी टळते.

कायद्याकडून या बाबतीत फार अपेक्षा करण्यात अर्थ नाही. प्राचीन स्मारकांसंबंधीचा केंद्रीय कायदा १९५८ चा; तो शंभर वर्षांहून जुन्या वास्तूंचा विचार करतो, आणि तोही राष्ट्रीय महत्त्वाच्या. राज्याचा स्वतःचा कायदा १९६० चा. मुंबईत १९९५ पासून वारसा-नियमावली लागू आहे, परंतु ती महानगराची. ज्या खेड्याची शाळा चार खोल्यांची आणि जिचे छत दोनदा बदललेले, तिला यांपैकी कोणाचाच आधार मिळत नाही. आणि जेथे नावाचे बळ असते तेथे तरी वास्तू कोठे वाचते? भिडे वाड्याचा प्रश्न अनेक वर्षे न्यायालयात होता; निकाल स्मारकाच्या बाजूने लागला आणि डिसेंबर २०२३ मध्ये तो जीर्ण वाडा स्मारकासाठी पाडण्यात आला. तो राखण्याजोगा उरला होता की नाही हा निराळा वाद आहे. आपल्याकडे वारसा म्हणून जे जपले जाते ते व्यक्तीचे नाव व घटनेची तारीख. भिंत, छत, उजेड यांची गणना त्यात होत नाही, एवढे मात्र या प्रकरणाने स्पष्ट केले. साताऱ्याच्या शाळेतील ७ नोव्हेंबर १९०० ही प्रवेशाची तारीख २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळली जाते. ज्या शाळेच्या पटावर असे नाव नाही, तिला इतिहासच नाही असे समजावयाचे काय?

लासूर स्टेशनसारख्या वस्तीच्या शाळेपुढील खरा धोका या दृष्टीने पाहावयास हवा. जिल्हा परिषदेच्या परिभाषेत जुनी वर्गखोली पाडण्यापूर्वी तिचे ‘निर्लेखन’ होते. शब्द अर्थपूर्ण आहे. ज्या वस्तूचे लेखनच कधी झाले नाही तिचे निर्लेखन होते, हे त्यातील वैगुण्य. प्रस्तावात खोली किती जुनी, किती लांब-रुंद आणि किती धोकादायक एवढे आले की काम भागते. नकाशा नाही, छेद नाही, भिंत चुन्यात की मातीत याची नोंद नाही, कौलावरील कारखान्याची छाप कोणी उतरून घेत नाही. त्यानंतर दगड कुंपणाला जातो आणि साग लिलावात.

प्रत्येक शाळा वाचवावी असा आग्रह धरणे अव्यवहार्य आहे, आणि पुष्कळ ठिकाणी अनिष्टही. परंतु पाडण्यापूर्वी मोजणे यात अव्यवहार्य काहीच नाही. मराठवाड्यातील इतिहास, स्थापत्य आणि शिक्षणशास्त्र या तीन विभागांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हे काम एकत्र करता येण्याजोगे आहे. त्यास टेप, ओळंबा, कॅमेरा आणि मुख्याध्यापकांची परवानगी याहून अधिक साहित्य लागत नाही. जोत्याची उंची, पडवीची रुंदी आणि उंबरठ्याची जाडी घ्यावी. दरजांतील चुन्याचा नमुना पुडीत बांधून त्यावर जागा लिहावी. शाळेच्या जनरल रजिस्टरातील प्रवेशनोंदी इमारतीच्या नकाशाशेजारी ठेवून, कोणत्या साली कोणत्या समाजाची मुले दाखल झाली ते, व्यक्तींची नावे गाळून, मांडावे. आणि जे आज सत्तरी-ऐंशीत आहेत अशा माजी विद्यार्थ्यांना वर्गात आपण नेमके कोठे बसत असू हे त्याच नकाशावर दाखवावयास सांगावे. मापे घेताना छतापासून आरंभ करणे श्रेयस्कर, कारण निर्लेखनाचा आदेश निघाल्यावर प्रथम उतरते ते छत, आणि त्यानंतर एका पावसाळ्यात भिंतीतील माती वाहून गेली म्हणजे पदर किती होते हेही सांगता येत नाही.